रुंद पडदा आणि जुनें चित्र

गेल्या दिवाळींत, भाऊबीजेच्या दुपारीं, जेवणें आटोपल्यावर आमच्या घरीं एक जुनी चित्रफीत लावण्याचा बेत निघाला. १९९१ सालच्या मे महिन्यांत आमच्या पुतण्याची मुंज झाली, तिची ती फीत. त्या वेळीं गांवांतील एका फोटोग्राफरास सांगून ती व्हिडिओ कॅसेटवर घेतली होती. पुढें कॅसेटीस बुरशी धरूं लागली तेव्हां २००६ सालीं तिची डीव्हीडी करून घेतली. मुंजीचा तो बटू आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे, आणि त्याची सात वर्षांची कन्या पडद्यासमोर अगदीं पुढें मांडी घालून बसली होती. मातृभोजन झालें, मंगलाष्टकें झालीं, आणि आमचे तीर्थरूप (ते १९९८ सालीं निवर्तले) सोंवळें नेसून, खांद्यावर उपरणें टाकून पाहुण्यांचें स्वागत करतांना दिसूं लागले. तोंच ती चिमुरडी म्हणाली, "पणजोबा एवढे लठ्ठ होते?"

दोघे-तिघे हसले. आमच्या मातोश्री हसल्या नाहींत. थोड्या वेळानें त्या हळूच म्हणाल्या, "नाहीं ग. हे असे नव्हते. ह्यांच्या अंगावर कधीं मांस चढलेंच नाहीं. हें काय भलतेंच दाखवताहेत!"

त्यांचें तें वाक्य आमच्या मनास लागून राहिलें. टीव्ही आमच्याच पसंतीनें २००९ सालीं घेतलेला. बत्तीस इंची, 'एचडी रेडी' अशी चिठ्ठी चिकटविलेला. पडदा या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेला असावा असा घरांतील तरुण मंडळींचा पहिल्या दिवसापासून आग्रह, आणि आम्हींहि त्यांत कधीं लक्ष घातलें नाहीं. इतकीं वर्षें आमच्या घरांतील जुनीं माणसें पडद्यावर रुंद दिसत होतीं. ज्यांनीं त्यांस प्रत्यक्ष पाहिलें होतें त्यांचे डोळे तें मनांतल्या मनांत दुरुस्त करून घेत होते. जिनें पणजोबांस कधीं पाहिलेंच नव्हतें, तिला मात्र पडद्यावरचे तेच खरे वाटले. फीत चांगली होती, टीव्हीहि बिघडलेला नव्हता. दोहोंचे आकार जमत नव्हते आणि तें जमविण्याचें काम कोणीं केलें नव्हतें, एवढेंच. असे टीव्ही अद्याप पुष्कळ घरांत उत्तम चालत आहेत आणि अशा फितीहि कपाटांत आहेत. म्हणून हा विषय वाचकांपुढें थोडा सविस्तर मांडावा असें वाटतें.

चित्राची चौकट किती रुंद व किती उंच असावी हें कांहीं ईश्वरानें ठरवून दिलेलें नाहीं. अमेरिकेंत एडिसनच्या प्रयोगशाळेंत विल्यम डिक्सन यानें १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चलच्चित्रें घेण्याची पद्धत बसविली, तेव्हां प्रत्येक चित्रास कडेच्या चार छिद्रांएवढी उंची दिली. त्यामुळें रुंदीचे चार भाग तर उंचीचे तीन भाग असा आकार जमून आला. बोलपट निघाल्यावर ध्वनीची पट्टी फिल्मवर बसवितांना थोडी ओढाताण झाली आणि १९३२ सालीं हॉलिवुडांत १.३७ हें प्रमाण कायम झालें. पण डोळ्यांस तें जवळजवळ पूर्वीचेंच. फाळके यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' घ्या किंवा प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' घ्या, दोन्ही याच ठेवणीच्या चौकटींत बसविलेले आहेत. दूरचित्रवाणी आली तेव्हां तिनेंहि हाच आकार उचलला. दूरदर्शनचें मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, दिवाणखान्यांत लांकडी सरकत्या दारांचे टीव्ही आले, १९८७ सालीं रविवारीं सकाळीं रामायणासाठीं रस्ते ओस पडूं लागले; तें सारें चारास तीन या मापाचें.

मग हें माप मोडलें कोणीं? गंमत अशी कीं, तें टीव्हीमुळेंच मोडलें. अमेरिकेंत लोक घरीं बसून चित्रें पाहूं लागले, तेव्हां घरीं मिळणार नाहीं असें कांहीं तरी दाखविणें चित्रगृहांस भाग पडलें. १९५३ सालीं 'द रोब' हा चित्रपट सिनेमास्कोप पद्धतीनें निघाला. त्याचा पडदा उंचीच्या अडीचपट रुंद होता. आपल्याकडे गुरुदत्त यांचा १९५९ सालचा 'कागज के फूल' हा पहिला सिनेमास्कोप बोलपट. पुढें एचडी दूरचित्रवाणीचे बेत सुरू झाले तेव्हां प्रश्न पडला कीं, नवा पडदा कोणत्या आकाराचा करावा? एकीकडे साठ-सत्तर वर्षांचीं चौकोनी चित्रें, दुसरीकडे हे लांबट चित्रपट. १९८० नंतरच्या दशकांत कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्यानें निरनिराळ्या प्रमाणांचे परंतु सारख्या क्षेत्रफळाचे कागदी चौकोन कापून ते मध्यबिंदु साधून एकमेकांवर ठेवले. सर्वांस आपल्या पोटांत घेणारा मोठा चौकोन आणि सर्वांस सामाईक असा आंतला लहान चौकोन, हे दोन्ही एकाच प्रमाणाचे निघाले: १.७८ च्या आसपास, म्हणजेच सोळास नऊ. आपल्या टीव्हीचा आकार तो हाच. तडजोडीचा आकार आहे. म्हणूनच तो कोणालाच नेमका बसत नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांस आंकड्यांची गोडी असेल त्यांनीं एक मौज पाहावी. चाराचा वर्ग सोळा आणि तीनाचा वर्ग नऊ. तेव्हां नवा पडदा जुन्या चित्राच्या मानानें जितका रुंद आहे तें प्रमाणहि पुनः चारास तीन हेंच येतें. आमचा बत्तीस इंची पडदा आम्हीं पट्टी घेऊन मोजला. तो सुमारें २८ इंच रुंद आणि १५.७ इंच उंच आहे. जुनें चित्र त्याच्या पूर्ण उंचीचें केलें तर तें २१ इंच रुंद होतें, आणि दोन्ही बाजूंस साडेतीन-साडेतीन इंचांच्या पट्ट्या रिकाम्या राहतात. कर्णाच्या हिशेबानें म्हणाल तर बत्तीस इंची टीव्ही जुन्या फितीपुरता सव्वीस इंची होतो. हा तोटा खरा आहे, तो नाकारण्यांत अर्थ नाहीं. आमचा पुतण्या म्हणतोच, "काका, एवढा मोठा टीव्ही घेतला तो काळ्या पट्ट्या पाहायला कां?"

पण त्या पट्ट्या घालविण्याचे जे उपाय आहेत त्यांची किंमत पाहूं. पहिला उपाय ताणण्याचा. रिमोटवर याला 'वाइड' किंवा 'फुल' म्हणतात. यांत चित्र आडवें ओढून पडदा भरतात. प्रत्येक वस्तूची रुंदी एक-तृतीयांशानें वाढते. तीन इंचांचा चेहरा चार इंचांचा होतो. सडपातळ माणूस स्थूल होतो, गाडीचें चाक अंड्यासारखें दिसतें, आणि नर्तकीचा हात आडवा असतांना लांब व उभा केला कीं आंखूड भासतो. आमच्या तीर्थरूपांचें जें झालें तें याच मार्गानें.

दुसरा उपाय कापण्याचा, म्हणजे 'झूम'. यांत आकार बिघडत नाहीं. परंतु चित्र मोठें करून पडद्याच्या रुंदीस बसवितांना उंचीचा बरोबर चौथा भाग वरखालीं नाहींसा होतो. 'संत तुकारामां'त अखेरीस तुकोबा गरुडावर बसून आकाशांत जातात आणि खालीं लोक वर पाहत राहतात. अशा प्रसंगीं वरचा आठवा भाग व खालचा आठवा भाग कापून टाकला तर वैकुंठहि जातें आणि देहूचे लोकहि जातात! जुन्या वार्ताचित्रांत आणि नाटकांच्या फितींत पात्रांचीं डोकीं तासलेलीं दिसतात, भाषांतराच्या ओळी अर्ध्या बुडतात, त्या याच बटणानें.

तिसरा उपाय चतुराईचा, आणि आमच्या मतें सर्वांत लबाड. निरनिराळ्या टीव्हींवर त्याला 'पॅनोरामा', 'स्मार्ट' अशीं नांवें असतात. मध्यभाग बहुतेक जसाच्या तसा ठेवून कडाच तेवढ्या अधिक ताणतात. स्थिर चित्रांत, बातम्या सांगणारी बाई मध्यें बसली आहे तोंवर, कांहीं कळत नाहीं. पण कॅमेरा फिरूं लागला कीं चालणारा माणूस कडेला जाऊन फुगतो व मध्यें येऊन बारीक होतो. एखाद्या पंगतींतून कॅमेरा फिरवलेला असेल तर टोकाचे भटजी आणि मधले भटजी यांच्या पानांत निराळेच वाढले असावें असें वाटतें.

चौथा मार्ग पट्ट्या राहूं देण्याचा. रिमोटवर तो '४:३' किंवा 'नॉर्मल' या नांवानें असतो. यांत कांहीं ताणलें जात नाहीं, कांहीं कापलें जात नाहीं. आम्ही याच पक्षाचे आहों हें वाचकांनीं ओळखलें असेलच. लांबट चित्रपटांची गोष्ट याच्या उलट: सिनेमास्कोप चित्र सोळास नऊच्या पडद्यावर पूर्ण रुंदीनें लावलें तर उंचीचा सुमारें चौथा भाग वरखालीं काळा राहतो. तो घालविण्यासाठीं झूम केलें कीं डाव्या-उजव्या टोकांचीं माणसें बाहेर फेकलीं जातात. दोघे समोरासमोर बसून बोलत आहेत आणि आपणांस फक्त त्यांचीं नाकें व मधली फुलदाणी दिसते, असा अनुभव ज्यांस आला असेल त्यांस अधिक सांगणें नको.

आतां प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळूं. भाऊबीजेनंतरच्या रविवारीं आम्ही व पुतण्या दोघे मिळून यास बसलों. रिमोटवरील '४:३' बटण दाबलें कीं काम संपेल ही आमची समजूत पहिल्याच झटक्यास खोटी ठरली. बटण दाबतांच टीव्हीनें 'उपलब्ध नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी दाखवून हात वर केले.

त्याचें कारण शोधतां शोधतां जी गोष्ट उमगली ती जुन्या एचडी टीव्हींच्या बाबतींत सर्वांत महत्त्वाची आहे. चित्र टीव्हीपर्यंत येतांना दोन-तीन हातांतून येतें: वाहिनी, मग सेट-टॉप बॉक्स किंवा डीव्हीडी प्लेयर, आणि शेवटीं खुद्द टीव्ही. यांतील प्रत्येकास आकार बदलतां येतो, आणि कोणीं बदलला हें दुसऱ्यास कळतेंच असें नाहीं. डीव्हीडीवरील चित्र, मग तें चौकोनी असो वा रुंद, आपल्याकडील पद्धतींत ७२० बाय ५७६ इतक्याच ठिपक्यांत सांठविलेलें असतें. तें कोणत्या आकारांत उलगडावयाचें हें सांगणारी एक लहानशी खूण तेवढी सोबत असते. प्लेयरनें ती खूण पाळली नाहीं, किंवा त्याला टीव्हीचा आकार चुकीचा सांगितला असला, कीं घोटाळा झालाच. दुसरें असें कीं, एचडी चित्र म्हणजे ७२० किंवा १०८० ओळींचें चित्र हें सोळास नऊ मापाचेंच असावयाचें, असा नियम धरून पुष्कळ जुने टीव्ही बनविलेले आहेत. त्यांना तारेंतून एचडी चित्र मिळालें कीं ते आकाराचें बटण बंदच करून टाकतात. आमचा प्लेयर जुन्या फितीचें चित्र आपल्या परीनें फुगवून १०८० ओळींचें करून पाठवीत होता, आणि तसें करतांना तें ताणूनहि देत होता. टीव्ही बिचारा समजत होता कीं आपल्याकडे अस्सल रुंद चित्र आलें आहे; मग तो तें कां बदलील?

यास दोन उतारे आहेत. प्लेयरच्या किंवा बॉक्सच्या सेटिंगमध्यें जाऊन 'टीव्ही टाइप' अथवा 'आस्पेक्ट रेशो' या ओळीखालीं पाहावें. तेथें टीव्ही १६:९ असल्याचें तर सांगावेंच, पण त्याखेरीज चौकोनी चित्रास बाजूंना पट्ट्या लावण्याचा पर्याय असल्यास तो निवडावा. असा पर्याय नसेल तर त्याच सेटिंगमध्यें बाहेर पाठवावयाच्या चित्राच्या ओळी १०८० ऐवजीं ५७६ कराव्या. चित्र साधें येऊं लागलें कीं टीव्हीचें आकाराचें बटण पुनः जिवंत होतें आणि '४:३' निवडतां येतें. आमच्या प्लेयरांत पहिला पर्याय नव्हता. दुसऱ्यानें काम झालें. जुन्या फितींत मुळांत तपशीलच थोडा असल्यामुळें ५७६ ओळींनीं कांहीं गमावल्यासारखें आम्हांस वाटलें नाहीं. मात्र खरा एचडी चित्रपट किंवा क्रिकेटचा सामना पाहतांना तें परत १०८० वर नेलें पाहिजे.

कोणत्या हातीं चूक झाली हें ओळखण्याची सोपी युक्ति म्हणजे वर्तुळ शोधणें. फितींत घड्याळ, ताट, गाडीचें चाक, पूर्णचंद्र असें कांहीं समोरून दिसलें कीं चित्र थांबवावें आणि पडद्यावर दोरा धरून रुंदी व उंची मोजावी. दोन्ही सारख्या आल्या कीं निश्चिंत असावें. एका कोपऱ्यांत वाहिनीचें जें चिन्ह असतें त्यावर विसंबूं नये. वाहिनीनें जुना कार्यक्रम आधींच ताणून मग त्यावर आपलें चिन्ह लावलेलें असतें, त्यामुळें चिन्ह गोल व माणसें चपटीं असेंहि होतें. अशा वेळीं टीव्हीचें बटण चालत असेल तर '४:३' करावें म्हणजे माणसें मूळ अंगावर येतात. चिन्ह मात्र अरुंद होतें, त्याची खंत बाळगूं नये.

कधीं कधीं चित्र पडद्याच्या मधोमध टपालाच्या तिकिटासारखें लहान होऊन चारी बाजूंनीं काळी चौकट दिसते. असें दिसल्यास समजावें कीं दोघांनीं एकाच वेळीं पट्ट्या लावल्या आहेत. प्लेयरास अजून जुना चौकोनी टीव्हीच जोडला आहे असें वाटत असल्यानें तो रुंद चित्रपटास वरखालीं पट्ट्या लावतो, आणि टीव्ही आलेलें चौकोनी चित्र पाहून बाजूंना आणखी दोन लावतो. प्लेयरास टीव्हीचा खरा आकार सांगितला कीं हें जातें. कांहीं जुन्या डीव्हीडींवर मात्र त्या काळ्या पट्ट्या चित्राबरोबरच छापलेल्या असतात. तेथें, आणि आमच्या मतें केवळ तेथेंच, झूमचें बटण कामास येतें. कारण त्यानें कापलें जातें तें काळेंच असतें. एकंदर धोरण असें ठेवावें कीं, आकार एकाच ठिकाणीं दुरुस्त करावा आणि बाकीच्यांनीं हात लावूं नये. दोघांनीं मीठ घातलेल्या आमटीप्रमाणें दोघांनीं सुधारलेलें चित्र बिघडतें.

आणखी एक लहानशी गोष्ट. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हींत चित्राच्या कडा नीट सरळ येत नसत, म्हणून चित्र पडद्यापेक्षां किंचित् मोठें टाकून त्या कडा चौकटीमागें लपविण्याची चाल होती. सपाट पडदे आल्यावर ही गरज संपली. पण चाल उरली. कारखान्यांतून आलेले पुष्कळ एचडी टीव्ही अद्याप चारी बाजूंनीं थोडें थोडें खातात, आणि उरलेलें ताणून बसवितांना चित्र जरा बोथटहि करतात. टीव्हीला संगणक जोडला आणि खालची पट्टी अर्धी दिसेनाशी झाली तर कारण हें. यावरचें सेटिंग निरनिराळ्या नांवांनीं दडलेलें असतें: एलजीवर 'जस्ट स्कॅन', सॅमसंगवर 'स्क्रीन फिट', सोनीवर 'फुल पिक्सेल', शार्पवर 'डॉट बाय डॉट'. तें एकदां चालू करून ठेवावें.

पट्ट्यांनीं पडदा खराब होतो अशी भीति कांहीं घरांत आहे. ती अगदींच निराधार नाहीं. प्लाझ्मा जातीच्या टीव्हींत, आणि त्यापूर्वींच्या नळीच्या एचडी टीव्हींत, प्रकाश देणारें द्रव्य वापरानें झिजतें. मधला भाग रोज तासन्‌तास उजळत राहिला आणि बाजू काळ्या राहिल्या तर कालांतरानें सीमारेषा दिसूं लागते. म्हणूनच अशा पुष्कळ टीव्हींत काळ्याऐवजीं करड्या पट्ट्यांची सोय असते. ती वापरावी व उजेड थोडा कमी ठेवावा. मोठ्या कारखान्यांनीं २०१३-१४ च्या सुमारास प्लाझ्मा बनविणें सोडलें, तरी कांहीं घरांत ते आहेत. एलसीडी टीव्हीस ही भीति बाळगण्याचें कारण नाहीं, आणि बहुतेक घरांत तोच असतो. पट्ट्या डोळ्यांस खुपतात म्हणणारांनीं रात्रीं दिवाणखान्यांतला मोठा दिवा मालवून टीव्हीच्या मागें एखादा मंद दिवा ठेवून पाहावा. थोड्याच वेळांत त्या विसरल्या जातात.

पट्ट्यांविषयींचा हा राग किती सोयीस्कर असतो याचा एक नमुना सांगतों. आमच्या याच पुतण्यानें अलीकडे भाचीच्या लग्नांत सारें चित्रण मोबाइल उभा धरून केलें. तें टीव्हीवर लावलें तेव्हां मध्यें पावणेनऊ इंचांची एक उभी फीत आणि दोन्ही बाजूंस मिळून पडद्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग रिकामा! त्या वेळीं त्याला पट्ट्यांचें कांहीं वाटलें नाहीं. आम्हीं तें बोलून दाखविलें तेव्हां तो हसला आणि निमूटपणें प्लेयरच्या सेटिंगकडे वळला. रविवारचें आमचें काम तेथून मार्गीं लागलें.

ओळी ५७६ केल्या, '४:३' दाबलें आणि मुंजीची फीत पुनः लावली. आम्हीं वर्तुळ शोधलें तें देवघराजवळच्या भिंतीवरील घड्याळाचें. दोरा धरला, रुंदी-उंची जुळली. मग मातोश्रींस बाहेर बोलाविलें. त्या येऊन आरामखुर्चींत टेकल्या, चष्मा पदरानें पुसला. पडद्यावर तीर्थरूप दाराशीं उभे होते. गालफडें बसलेलीं, मान लांबोडकी, उपरणें एका खांद्यावरून घसरत चाललेलें.

"हं. आतां हे," त्या म्हणाल्या.

पणतीनें एकदां पडद्याकडे व एकदां आमच्याकडे निरखून पाहिलें आणि विचारलें, "मग काकाआजोबा, तुम्ही पण असेच दिसतां कां?" तिला कांहीं उत्तर द्यावें तोंच मातोश्रींनीं हातानें थांबविलें. बोलूं नका, म्हणाल्या, पुढें भिक्षावळ आहे, ती होईपर्यंत चालूं द्या.